‘ब्यॅन’ : एका आयरिश शब्दाचा अर्थ, कुळ आणि व्याकरण



भाषाकुलाची ओळख करून देताना सामान्यतः संस्कृत ‘पितृ’ आणि लॅटिन ‘पातेर’ ही जोडी दाखवली जाते. ती कानाला लगेच पटते. पण तिच्यामुळे एक गैरसमजही रुजतो, तो म्हणजे सारखे ऐकू येणारे शब्द सगोत्र असतात. म्हणून या उपघटकात आपण मुद्दाम असा शब्द घेऊ, ज्याचे आपल्याशी असलेले नाते कानाला मुळीच जाणवत नाही.

आयर्लंडमधील सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या दारांवर पुष्कळदा आयरिश भाषेतील पाट्या असतात : एका दारावर ‘फिर’, दुसऱ्यावर ‘म्नॉ’. इंग्रजी जाणणारा परका प्रवासी ‘एफ’ हे आद्याक्षर पाहून स्त्रियांचे दार समजतो आणि नेमका चुकतो. ‘फिर’ म्हणजे पुरुष. त्याचे एकवचन ‘फ्यॅर’ हा शब्द संस्कृत ‘वीर’ आणि लॅटिन ‘विर’ यांचा सगोत्र आहे. ‘म्नॉ’ म्हणजे स्त्रिया, आणि त्याचे एकवचन आहे ‘ब्यॅन’.

‘ब्यॅन’चा मूळ अर्थ स्त्री. ‘माझी ब्यॅन’ असे म्हटले की अर्थ होतो पत्नी. मराठीत ‘बाई’ आणि ‘बायको’ हे शब्द जितके जवळचे, तितकाच हा अर्थबदल स्वाभाविक. ‘ब्यॅन अन् टी’ म्हणजे घराची स्त्री, आपली घरधनीण. लोककथांतील ‘ब्यॅन शी’ ही सिद्धटेकडीवरची अद्भुत स्त्री. तिचा आक्रोश ऐकू आला की घराण्यात मृत्यू होणार, अशी समजूत आहे. इंग्रजीतील ‘बॅन्शी’ हा शब्द येथूनच गेला.

आता रूपे पाहू. प्रथमा एकवचन ‘ब्यॅन’, षष्ठी एकवचन ‘म्नॉ’, प्रथमा अनेकवचनही ‘म्नॉ’ आणि षष्ठी अनेकवचन ‘बन’. ‘ब्यॅन’चे ‘म्नॉ’ कसे झाले? काही रूपांत ‘ब’ आणि ‘न’ यांमधला स्वर लोपला, दोन्ही व्यंजने शेजारी आली आणि ‘ब्न’चे ‘म्न’ झाले. ‘राजन्’ची ‘राज्ञा’, ‘राज्ञः’ ही रूपे आठवा; तिथेही मधला स्वर असाच नाहीसा होतो. ज्याला आपण अनियमित रूप म्हणून पाठ करतो, तो बहुधा जुन्या नियमाचा अवशेष असतो.

मराठी विद्यार्थ्याला खरी अडचण येते ती शब्दाच्या आरंभी. आपण ‘घोडा–घोड्याला’ असा विकार शब्दाच्या शेवटाकडे करतो. आयरिश भाषा तो आरंभीही करते. निश्चित उपपद लागले की ‘ब्यॅन’ हे स्त्रीलिंगी नाम ‘अन् व्यॅन’ होते. षष्ठी अनेकवचनात ‘न’ या उपपदानंतर ‘बन’चा उच्चार ‘मन’ होतो, मात्र लिहिताना ‘म’ आणि ‘ब’ दोन्ही लिहितात. १९१४ साली डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या संघटनेचे नाव ‘कुमन न मन’, म्हणजे ‘स्त्रियांचा संघ’, याच रूपाचे आहे. गंमत अशी की ‘मुलगी’ या अर्थाचा ‘कॅलीन’ हा शब्द व्याकरणात पुल्लिंगी आहे. याचे नवल वाटून घेऊ नका; आपले ‘बाईमाणूस’ही नपुंसकलिंगी चालते.

आता कुळाकडे वळू. मूळ इंडो-युरोपीय भाषेत ‘ग’ आणि ‘व’ एकत्र उच्चारल्यासारखा एक वर्ण होता. केल्टिक शाखेत त्याचा ‘ब’ झाला. संस्कृतात ‘ग’ किंवा, काही स्वरांपूर्वी, ‘ज’ झाला. म्हणून आयरिश ‘ब्यॅन’समोर संस्कृतात दोन शब्द उभे राहतात : ऋग्वेदात देवपत्नींसाठी येणारा ‘ग्ना’, आणि पत्नी या अर्थाचा ‘जनि’. ग्रीक ‘गुने’ आणि इंग्रजी ‘क्वीन’ हेही याच घरातले. फारसीत त्याचे ‘झन’ झाले आणि त्यावरून आलेले ‘जनाना’, ‘जनानखाना’ हे शब्द मराठीत रुळले. म्हणजे स्वच्छतागृहाच्या दारावरील ‘म्नॉ’ आणि आपला ‘जनाना’ यांचे मूळ एकच!

एकट्या जोडीवर मात्र विश्वास ठेवू नये. तोच ‘ब’ आणि तोच ‘ग’ इतरत्रही समोरासमोर यायला हवेत, आणि ते येतात : आयरिश ‘बो’ म्हणजे गाय, संस्कृत ‘गो’. उलट ‘जन’, ‘जननी’ यांना या कुळात ओढण्याची चूक उत्तरपत्रिकांत सहज होऊ शकते. ते ‘जन्’, म्हणजे जन्मणे, या धातूचे. त्याचा मूळ वर्ण निराळा आहे आणि आयरिशमध्ये त्याचा ‘ब’ होत नाही, ‘ग’च होतो.

स्वाध्याय

१. आयरिश ‘ब्यो’ म्हणजे जिवंत. वर दिलेला वर्णबदल लावून त्याचा संस्कृत सगोत्र शब्द शोधा. तो मराठीतही रोजच्या वापरात आहे.

२. ‘ब्यॅन’ आणि मराठी ‘बहीण’ यांचा आरंभ सारखा आहे, तरी ते सगोत्र का नाहीत? ‘बहीण’चे संस्कृत रूप ‘भगिनी’ लक्षात घेऊन उत्तर लिहा.