ओसाड वास्तू बोलतात

(शिवारातून पायी फिरताना जुन्या, ओसाड वास्तू दिसतात. त्या कशा पाहाव्यात आणि त्यांच्यावरून काय समजते, हे या पाठात सांगितले आहे.)

एस.टी.तून जाताना शिवार झरझर मागे पडते. पायी चालणाऱ्याला मात्र खूप काही दिसते. बाभळींमागे पडकी भिंत दिसते. ओढ्याकाठी पायऱ्यांची जुनी विहीर दिसते. गावाच्या कडेला कुलूप गंजलेला वाडा दिसतो. आज तेथे कोणी राहत नाही. पण एके काळी तेथे माणसांची वर्दळ होती.

एखाद्या जुन्या वाड्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या मोठ्या दरवाजात एक लहान दार असते. त्याला दिंडी म्हणतात. रात्री मोठा दरवाजा बंद असला, तरी दिंडीतून वाकून आत जाता येई. आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसाठी देवड्या असतात. पुढे मोकळा चौक आणि त्याभोवती सोपे असतात. भिंतीतल्या कोनाड्यावर काजळी दिसली, की तेथे दिवा लावत असत हे समजते. जमिनीतला खोल खड्डा म्हणजे धान्य साठवण्याचे पेव. इमारत, दरवाजा, कमान, बुरूज, दिवाणखाना हे शब्द तर तुम्हांला उर्दूतूनही माहीत आहेत.

अशा अनेक घरांवर मातीचे धाबे असते. लाकडी तुळयांवर फळ्या घालून वर मातीचा जाड थर देतात. पावसाळ्यापूर्वी त्याची डागडुजी करावी लागते. घरात माणूसच नसेल, तर हे काम कोण करणार? छत गळू लागते. तुळया कुजतात आणि छत कोसळते. मग मातीच्या भिंती पावसात विरघळतात. शेवटी दगडी जोते तेवढे उरते. घराला माणसांचा वावर हवा, असे जुनी माणसे म्हणतात ते यासाठीच.

माणसे घर का सोडतात? कोणी नोकरीसाठी शहरात जातो. कधी भावाभावांच्या वाटणीत वाडा अडकून पडतो. कधी तर सारे गावच उठते. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात अनेक गावे बुडाली. पुणे जिल्ह्यातील जुने पळसदेव त्यांपैकीच एक. गावकऱ्यांनी नव्या जागी घरे बांधली. पळसनाथाचे प्राचीन मंदिर मात्र तेथेच राहिले. धरण भरले, की ते पाण्यात जाते. पाणी फार ओसरले, की ते उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यातही ते असेच बाहेर आले. अशा वेळी लोक दुरून ते पाहायला येतात. ज्यांचे बालपण त्या गावात गेले, त्यांच्यासाठी मात्र ही नुसती सहल नसते. उजनीचे पाणी सोलापूर शहराची तहान भागवते, शेते भिजवते. त्या पाण्यासाठी कोणीतरी आपले अंगण सोडले, हे आपण विसरू नये.

मुलांनो, अशा वास्तू पाहायला एकटे जाऊ नका. मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नका. मोडक्या छताखाली उभे राहू नका. दगडांच्या फटींत साप, विंचू असतात. तेथे हात घालू नका. काही लोक गुप्तधनाच्या लोभाने जमीन उकरतात, तर काही भिंतींवर नावे कोरतात. त्यामुळे वास्तू लवकर ढासळते आणि तिच्याबरोबर गावाची आठवणही पुसली जाते. तुम्ही वहीत तिचे चित्र काढा. गावातल्या वृद्धांना तिची माहिती विचारा आणि ती लिहून ठेवा. ते सांगणारे आहेत, तोवरच ती मिळेल.

शब्दार्थ
ओसाड – निर्जन, उजाड
वर्दळ – ये-जा
देवडी – दरवाजाजवळची पहाऱ्याची जागा
सोपा – चौकाभोवतालची उघडी बैठकीची जागा
डागडुजी – दुरुस्ती
जोते – घराचा चौथरा

स्वाध्याय
१. दिंडी कशाला म्हणतात?
२. माणूस राहत नसलेले घर कसे पडते, ते क्रमाने लिहा.
३. पळसदेवचे जुने मंदिर केव्हा दिसते?
४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द पाठातून शोधा.
५. तुमच्या परिसरातील एका जुन्या वास्तूविषयी पाच वाक्ये लिहा.