गिरणीचा पट्टा का तुटतो?

दळणाची गिरणी बंद पडली, की साऱ्या गावाला कळतं. बाया डोक्यावर दळणाचा डबा घेऊन येतात आणि तशाच परत जातात. कुणी शेजारच्या गावची वाट धरतं. कुणी घरातलं जुनं जातं झाडून मांडतं. गिरणीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "पट्टा तुटला. हल्लीचा मालच खोटा."

माल खोटा असेलही. पण नवा पट्टा घातला आणि तोही थोड्या दिवसांत तुटला, मग तिसराही तुटला, तर काय समजावं? दोष बहुधा पट्ट्याचा नाही. दोष मांडणीचा आहे. अशा वेळी नुसता पट्टा बदलून भागत नाही. तो का तुटला, हे शोधलं पाहिजे.

पट्टा काम कसं करतो?

मोटरीच्या दांड्यावर एक लहान चाक असतं. दगडाच्या दांड्यावर मोठं चाक असतं. या चाकांना पुली म्हणतात. दोन्ही पुलींवरून रबरी पट्टा फिरतो. समजा, मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. लहान पुली ५ इंची आहे आणि मोठी १५ इंची आहे. मोठी पुली तिप्पट, म्हणून तिचे फेरे एक तृतीयांश, म्हणजे ४८०. हिशेब सोपा आहे. वहीत करून पाहा.

पुलीला खाच असते. ती वर रुंद आणि खाली अरुंद असते. पट्टाही तसाच असतो. लाकूड फोडताना पाचर फटीत घट्ट बसते ना? तसा हा पट्टा खाचेत दोन्ही अंगांनी घट्ट बसतो. ओढ घेतात ती ही दोन अंगं. पट्ट्याचं बूड खाचेच्या तळाला टेकता कामा नये. ते टेकलं की पकड सुटते. मग पट्टा घसरतो, तापतो आणि रबर जळल्याचा वास येतो.

म्हणून पट्टा खाचेच्या मापाचाच घ्यावा. पट्ट्यावर ए, बी, सी यांपैकी एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. ए पट्टा वरच्या बाजूला १३ मिलीमीटर रुंद असतो. बी १७ आणि सी २२ मिलीमीटर असतो. अक्षरापुढचा आकडा लांबीचा असतो. इंग्रजी अक्षर येत नसलं तरी अडत नाही. आता तुमच्या हातात पेन्सिल आहे. अक्षर आणि आकडा जसाच्या तसा कागदावर उतरून घ्या आणि दुकानदाराला दाखवा.

पुली एका रेषेत आहेत का?

आडावरच्या रहाटाचा दोर पाहा. सरळ ओढला तर तो पुष्कळ दिवस टिकतो. बाजूला उभं राहून तिरपा ओढला तर चाकाच्या कडेला घासतो आणि तिथंच झिजून तुटतो. गिरणीच्या पट्ट्याचंही तसंच आहे. दोन्ही पुली एका रेषेत नसल्या, तर पट्टा तिरपा धावतो आणि एका अंगानं झिजतो.

रेषा कशी पाहायची? गवंडी भिंतीला सूत लावतो, तसं पुलीला सूत लावायचं.

१. आधी गिरणी बंद करा. मेन स्विच बंद करून फ्यूज काढा आणि आपल्या खिशात ठेवा. डिझेल इंजिन असेल तर त्याचं चाक पूर्ण थांबू द्या.

२. बारीक, मजबूत दोरी घ्या. मोठ्या पुलीच्या बाहेरच्या तोंडावरून ती लहान पुलीपर्यंत ताणून धरा.

३. दोरी चार ठिकाणी टेकली पाहिजे. मोठ्या पुलीच्या दोन्ही कडांना आणि लहान पुलीच्या दोन्ही कडांना.

४. लहान पुलीच्या दोन्ही कडांपाशी सारखीच फट दिसली, तर ती पुली आत गेली आहे. दोरी तिला अडून वाकली, तर ती बाहेर आली आहे. स्क्रू ढिला करून पुली दांड्यावर सरकवा.

५. एका कडेला दोरी टेकते आणि दुसऱ्या कडेला फट दिसते, तर मोटरच तिरपी बसली आहे. मोटरीचे बोल्ट ढिले करून ती सरळ करा.

दोन्ही पुलींच्या कडा सारख्या जाडीच्या नसतील, तर कडेपासून खाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून तेवढा फरक धरावा. बोल्ट आवळताना मोटर थोडी हलते. म्हणून आवळल्यावर पुन्हा एकदा दोरी लावून पाहा.

पट्टा किती ताणावा?

ढिला पट्टा घसरतो. फार ताणलेला पट्टा बेअरिंग खातो. दोन पुलींमधला पट्टा १ मीटर असेल, तर मधोमध दाबल्यावर तो सुमारे १६ मिलीमीटर खाली जावा. अर्धा मीटर असेल तर ८ मिलीमीटर. नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैल पडतो, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांनी ताण पुन्हा तपासा.

पट्टा पहारीनं किंवा स्क्रूड्रायव्हरनं उचकटून चढवू नका. आतले दोर तुटतात आणि ते वरून दिसत नाही. मोटर पुढे सरकवा आणि पट्टा हातानं चढवा. एका पुलीवर तीन पट्टे असतील तर तिन्ही एकदम बदला. एकच नवा घातला, तर सगळा भार त्याच्यावर येतो.

तुटलेला पट्टा फेकण्याआधी पाहा. एकच अंग झिजलं असेल, तर रेषा चुकली आहे. दोन्ही अंगं चकचकीत आणि कडक झाली असतील, तर पट्टा घसरत होता. रबर फुगून मऊ पडलं असेल, तर त्याला तेल लागलं आहे.

हात जपा

गिरणीत गर्दी असली की कुणीतरी म्हणतं, "दादा, खोळंबा होतोय. चालू असतानाच पट्टा सारखा करा ना."

शहाण्या गिरणीवाल्यानं सांगावं, "नाही आत्या. दळण तासभर थांबेल. हात गेला तर तो परत येत नाही."

वर सांगितलेल्या मोटरीवर पट्टा दर सेकंदाला साडेनऊ मीटर धावतो. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. साडीचा पदर, ओढणी, उपरण्याचं टोक पट्ट्यात गेलं, तर माणूसच ओढला जातो. म्हणून पट्ट्याभोवती लोखंडी जाळी हवीच. मळणी यंत्रालाही हाच नियम. अशा यंत्रांनी माणसं जायबंदी होतात, म्हणून भारत सरकारनं १९८३ साली धोक्याच्या यंत्रांविषयी कायदा केला. पण कायदा कागदावर असतो. जाळी आपण बसवायची असते.

लक्षात ठेवा: आधी यंत्र बंद. मग रेषा. मग ताण. शेवटी जाळी.

प्रश्न

१. दोरी पुलींना किती ठिकाणी टेकली पाहिजे?
२. पट्टा एकाच अंगानं झिजला, तर काय समजावं?
३. तुमच्या गावच्या गिरणीला जाळी आहे का? नसेल तर कुणाला सांगाल? चार ओळी लिहा.