रक्त कोठून येतें व कोठें जातें?

"रक्त सर्व शरीरभर फिरून पुन्हां हृदयाकडे येतें," असें आम्ही वर्गांत सांगतों. विद्यार्थी तें वहींत उतरून घेतात आणि परीक्षेंत तें जसेंच्या तसें आमच्याकडे परत येतें. यंदा मात्र एका मुलानें विचारलें, "सर, हें फिरतांना कोणी पाहिलें?" आम्हीं घंटा झाल्याचें निमित्त करून सुटका करून घेतली. पुढील मजकूर म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरा दिलेलें उत्तर होय.

दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य गेलेन ह्याचें मत असें कीं, अन्नापासून यकृतांत रक्त तयार होतें, तें शिरांवाटे अवयवांस पोहोंचतें आणि पाटाचें पाणी जमिनींत मुरावें तसें तेथेंच खर्चून जातें. गेलेन कांहीं सामान्य मनुष्य नव्हे. त्यानें पशूंचीं शरीरें स्वहस्तें चिरून पाहिलीं होतीं. दोष त्याच्याहून त्याच्या शिष्यपरंपरेचा अधिक. तिनें चौदाशें वर्षें गेलेनचा ग्रंथ वाचला, त्याचा उद्योग मात्र उचलला नाहीं.

इंग्लंडांतील विल्यम हार्वे ह्यानें काय केलें? त्यानें गुणाकार केला. प्रत्येक ठोक्यास हृदयांतून अर्धा औंस रक्त बाहेर पडतें असें धरा. अर्ध्या तासांत ठोके एक हजारच धरा (वस्तुतः ते दुपटीहून अधिक पडतात). म्हणजे अर्ध्या तासांत ५०० औंस रक्त झालें! इतकें रक्त यकृतानें कोणत्या अन्नांतून निर्माण करावें? मनुष्याच्या अंगीं एकंदर रक्तच तेवढें नसतें. तेव्हां तेंच रक्त फिरून येत असलें पाहिजे.

त्याचा दुसरा पुरावा विद्यार्थ्यांस घरीं पाहतां येईल. दंडास फडकें बेतानें आवळावें. हातावरील शिरा फुगून त्यांत मधून मधून गांठी दिसतात. त्या झडपा होत. एका गांठीच्या खालीं शिरेवर बोट दाबून ठेवावें व दुसऱ्या बोटानें तेथील रक्त त्या गांठीपलीकडे वर सारावें. मधला भाग रिकामाच राहतो. वरचें रक्त खालीं उतरत नाहीं. दाबलेलें बोट उचलतांच शीर खालून भरते. (फडकें मात्र लगेच सोडावें!)

हें सर्व त्यानें १६२८ सालीं अवघ्या ७२ पृष्ठांत छापलें. पॅरिसच्या रिओलांसारख्या विद्वानांनीं विरोध केला, आणि त्यांस एक जागा खरोखरच सांपडण्यासारखी होती: रोहिणींतून शिरांत रक्त जातें कोणत्या वाटेनें, हें हार्वेस दाखवितां येईना. ती वाट मालपीगी ह्यानें १६६१ सालीं सूक्ष्मदर्शक यंत्रानें बेडकाच्या फुप्फुसांत पाहिली. हार्वे १६५७ सालींच निवर्तला होता. म्हणजे आमच्या विद्यार्थ्यास उत्तर द्यावयाचें तें असें कीं, ज्यानें तें सिद्ध केलें त्यानें तें पुरतें पाहिलें नव्हतें.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोग्याची शीर तोडून रक्त काढण्याची जुनी चाल हार्वेनेंही सोडली नाहीं; तेथें त्याला गुणाकार सुचला नाहीं. तो हिशेब पॅरिसच्या पियेर लुई ह्यानें मांडला. त्यानें न्युमोनियाचे ७७ रोगी मोजले, आणि ज्यांचें रक्त आरंभींच काढलें होतें त्यांच्यांतच मृत्यूचें प्रमाण अधिक भरलें. तें पुस्तक निघालें १८३५ सालीं.