रुग्णशय्येपाशी मिळणारे शिक्षण

विद्यार्थिमित्रांनो, शालान्त परीक्षा संपली म्हणजे आपल्यापैकी काही मुली, आणि आता काही मुलगेही, परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळतात. घरची वडील मंडळी अशा वेळी दोन प्रश्न हमखास विचारतात : अभ्यासक्रम किती वर्षांचा, आणि नोकरी केव्हा लागेल? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. रुग्णापाशी उभे राहून शिकण्याची संधी किती मिळेल, आणि त्या वेळी शेजारी शिकविणारे कोणी असेल काय? आमच्या मते हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. त्याचाच विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

रुग्णसेवा प्राचीन आहे, परंतु तिचे पद्धतशीर शिक्षण अर्वाचीन आहे. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, ही कथा आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्यांच्या नावाने जमलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय निघाले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. हे विद्यालय रुग्णालयातच काढले, यातच त्यांची दृष्टी दिसून येते. तेथे विद्यार्थिनीच्या प्रगतीचा तक्ता दरमहा भरला जाई. त्यात मलमपट्टीसारख्या कामांतील कौशल्याबरोबरच वक्तशीरपणा, स्वच्छता आणि विश्वासूपणा यांचीही नोंद असे. हात आणि स्वभाव या दोहोंना वळण लागल्यावाचून परिचारिका तयार होत नाही, हे तत्त्व त्या तक्त्याच्या मुळाशी होते.

आपल्याकडे पुण्यास १९०९ साली सेवासदन स्थापन झाले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली त्या संस्थेने स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेता यावे अशी व्यवस्था केली. परक्या रुग्णाची शुश्रूषा करणे घरंदाज बाईस शोभत नाही, असे मानणारा तो काळ होता. घरात बसवून पुस्तके वाचून दाखविली असती, तर लोकांनी तितका बोल लाविला नसता. पण तशा शिक्षणातून परिचारिका तयार झाली नसती. पुढे १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे पदवीचे शिक्षण सुरू झाले आणि १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. आज पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. त्यातही रुग्णालयातील प्रत्यक्ष कामास मोठे स्थान आहे.

हे प्रत्यक्ष काम पुस्तकाहून निराळे असे काय शिकविते? एक उदाहरण घेऊ. रुग्णास ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यावयाचे आहे आणि नळीतून पडणाऱ्या १५ थेंबांचा १ मिलिलिटर होतो. तर मिनिटास किती थेंब पडले पाहिजेत? ५०० ला १५ ने गुणिले म्हणजे ७५०० थेंब झाले. ४ तासांची मिनिटे २४०. भागाकार ३१.२५, म्हणजे सुमारे ३१ थेंब. हे गणित आपल्या वर्गातील कोणीही सोडवील.

आता वॉर्डात चला. विद्यार्थिनी घड्याळ लावून थेंब मोजते. ते बरोबर ३१ भरतात. तिला समाधान वाटते. इतक्यात तिला शिकविणाऱ्या सिस्टर येतात. त्या थेंबांकडे ओझरते पाहतात आणि आधी रुग्णाचा हात चाचपतात. सुईजवळची कातडी फुगली आहे, हाताला गार लागते आहे. सुई शिरेतून निसटली असून पाणी भलतीकडेच जमत आहे! विद्यार्थिनीचे गणित अचूक होते; पण ते बाटलीचे होते, रुग्णाचे नव्हते. सिस्टर तिला रागावत नाहीत. सलाईन थांबवून त्या तिचाच हात त्या सुजेवर ठेवतात. त्या स्पर्शाने जे ध्यानी राहते, ते दहा पाने घोकून राहणार नाही.

दुसरी गोष्ट दिसावयास याहूनही लहान आहे. एकाच वॉर्डात दोन लक्ष्मीबाई असतात. गोळी देताना “आपण लक्ष्मीबाई ना?” असे विचारिले, तर गुंगीतली भलतीच बाईही “हो” म्हणून जाते. म्हणून “आजी, आपले नाव सांगता का?” असे विचारावे, आणि ते नाव कागदाशी ताडून पाहावे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ आणि योग्य मार्ग हे पाच नियम विद्यार्थिनीला तोंडपाठ असतात. परंतु रात्रपाळीला एकीकडे घंटा वाजत असताना आणि दुसरीकडे नातेवाईक हाका मारीत असताना ते पाळणे, हे निराळे शिक्षण आहे.

या शिक्षणात दोन दोष शिरू शकतात. पहिला असा की, मनुष्यबळ अपुरे असले म्हणजे विद्यार्थिनीस बिनपगारी कामकरीण समजले जाते. ती दिवसभर चादरी बदलते, नमुने पोहोचविते, पण का आणि कसे, हे तिला कोणी सांगत नाही. दुसरा दोष याच्या उलट आहे. एकेका खाटेभोवती इतक्या विद्यार्थिनी जमतात की मागची केवळ पाहत राहते, आणि तिच्या वहीत मात्र काम केल्याची सही पडते. पहिलीचे हात राबतात पण बुद्धी उपाशी राहते. दुसरीची तर दोन्ही उपाशी राहतात. आधी पाहणे, मग देखरेखीखाली करणे, चुकले तर तत्काळ सांगणे आणि शेवटी स्वतंत्रपणे करणे, हाच खरा क्रम होय.

मार्लीन क्रेमर या अमेरिकन विदुषीने १९७४ साली, नव्या परिचारिकांना कामावर रुजू होताच बसणाऱ्या धक्क्याचे वर्णन आपल्या ग्रंथात केले. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिक्या अवस्थेपासून निष्णात अवस्थेपर्यंत पाच पायऱ्या मांडल्या. नुकतीच उत्तीर्ण झालेली परिचारिका साधारणतः दुसऱ्या पायरीवर असते. यावरून एवढेच घ्यावयाचे की, प्रमाणपत्र मिळाले म्हणजे शिक्षण संपले नाही. तयारी म्हणजे सर्व काही येणे नव्हे. आपल्याला काय येत नाही हे ओळखणे, ते वेळीच विचारणे आणि झालेली चूक न लपविणे, ही तयारीची खरी खूण होय. लपविलेल्या चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

तेव्हा पालकांनो, प्रवेश घेण्यापूर्वी इमारत पाहा, शुल्क विचारा. पण त्याचबरोबर हेही विचारा की, विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात जातात, तेथे रुग्ण पुरेसे असतात काय, आणि शिक्षिका वॉर्डात त्यांच्याबरोबर राहतात काय. आणि विद्यार्थिमित्रांनो, पुढे आपल्यापैकी कोणी तो पांढरा गणवेश चढविला, तर बाटलीकडे अवश्य पाहा. पण आधी रुग्णाचा हात हाती घ्या.