आमच्या भजनी मंडळाचे पहिले रेकॉर्डिंग



या महिन्याच्या भित्तिपत्रकाला बाईंनी ‘आवाज’ हा विषय दिला आहे. मी आमच्या आळीतल्या भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगची माहिती लिहिणार आहे. त्यात आवाजाचा अभ्यासही येईल.

आमच्या मंडळात पेटी, पखवाज, वीणा आणि सहा टाळकरी आहेत. पखवाज माझे आजोबा वाजवतात. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. माझे वडील टाळकरी आहेत. दिवसा कोणी नोकरीला जातो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी शेती करतो. भजन रात्री.

एका गावच्या सप्ताहाची मंडळी म्हणाली, “तुमचे एक भजन रेकॉर्ड करून पाठवा. ऐकतो, मग बोलावतो.” आमच्या मंडळाचे रेकॉर्डिंग कधी झालेच नव्हते. सगळ्यांना आनंद झाला. पण लगेच कुजबुजही सुरू झाली. “आबांचा हात आता जड झालाय. ते मागं पडतात. रेकॉर्डिंगपुरता दुसरा पखवाजवाला आणू.” आबांनी ते ऐकलं. ते काही बोलले नाहीत. पण त्या रात्री त्यांनी पखवाज खुंटीवरून खाली काढलाच नाही.

आवाज म्हणजे काय?

पखवाजावर थाप मारली की त्याचे कातडे थरथरते. त्यामुळे जवळची हवा थरथरते. ती थरथर आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत येते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. हवेतून आवाज एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून पावसाळ्यात वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो.

आवाज कोणी साठवला?

आमची सहल भाजे लेण्यांना गेली होती. लोणावळ्याच्या पुढचे स्टेशन मळवली, तिथून ती जवळ आहेत. लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. तिथे एका कोरीव चित्रात एक बाई चर्मवाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. दगडाने त्यांचे चित्र ठेवले. पण ती काय वाजवत होती ते आता कोणालाच ऐकता येणार नाही.

१८७७ साली अमेरिकेत एडिसनने फोनोग्राफ तयार केला. तो गोल नळकांड्यावर पातळ पत्रा गुंडाळी आणि कर्ण्यापुढे बोले. आवाजाने सुई हाले आणि पत्र्यावर खाचा पडत. पुन्हा खाचांवरून सुई फिरवली की बोलणे ऐकू येई. पुढे बर्लिनर यांनी ग्रामोफोनची सपाट तबकडी आणली.

आपल्या देशात १९०२ साली कोलकात्यात गाण्यांच्या तबकड्यांसाठी रेकॉर्डिंग झाले. त्यात गौहर जान या मोठ्या गायिका होत्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्याजवळ तोंड नेऊन मोठ्याने गावे लागे. तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटेच मावत. गाणे संपले की गौहर जान आपले नाव मोठ्याने सांगत. कारण तबकड्या तयार व्हायला जर्मनीला जात, आणि तिथल्या लोकांना कोण गायले ते कळायला हवे.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोनने रेकॉर्डिंग सुरू झाले. १९६३ साली कॅसेट आली. १९८० नंतर आपल्याकडे कॅसेटी घरोघर पोचल्या. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज असाच गावोगाव गेला. आता मोबाईलमध्येच लहानसा मायक्रोफोन असतो. आवाजाने त्यातला पातळ पडदा हलतो, त्याची वीज होते आणि त्या विजेचे आकडे करून साठवतात. सीडीसाठी एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाज मोजतात!

पहिला प्रयत्न फसला

आम्ही देवळात बसलो. मोबाईल मध्ये ठेवला. भजन झाले आणि सगळे ऐकायला वाकले. टाळांचा खणखणाट एवढा, की गाणे कुठे आहे ते समजेना. मध्येच रेल्वेची शिट्टी. शेवटी तर कोणाचा तरी फोनच वाजला. देवळाच्या फरशीवर आणि भिंतीवर आपटून आवाज घुमत होता तो वेगळाच.

मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, “मोबाईल माणसासारखा निवडून ऐकत नाही. तुमचा कान गाण्याकडे लक्ष देतो, पंख्याकडे नाही. त्याला सगळे सारखेच. म्हणून कोणी किती लांब बसायचे ते आपण ठरवायचे.”

दुसरा प्रयत्न

या वेळी आम्ही असे केले.

१. देवळाऐवजी आमच्या घरात बसलो. आईने आणि काकूने दोरीवर गोधड्या टाकल्या. मऊ कापड आवाज शोषून घेते, घुमू देत नाही.
२. गाणारे बुवा मोबाईलपासून दोन हात, पेटी चार हात आणि टाळकरी पार दाराशी. जो मोठा आवाज, तो लांब.
३. पंखा बंद. ज्या फोनवर रेकॉर्डिंग, तो विमान मोडवर. बाकीचे फोन शेजारच्या घरी.
४. रात्री अकरानंतर, गाडी गेल्यावर सुरुवात.

पखवाज कोण वाजवणार हे ठरले नव्हते. दुसरा वाजवणारा त्या रात्री आला नाही. मग वडील म्हणाले, “आबा, आज तुम्हीच बसा.” आबांनी आईकडे कणीक मागितली. पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक लावतात, त्याने आवाज खोल आणि भरदार येतो. कणीक थापताना त्यांचे हात अगदी सावकाश चालले होते.

चूक कोणाची?

रेकॉर्डिंग छान आले. शब्द कळत होते. पण मधे ताल जुळत नव्हता. सगळे आबांकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ घेऊन मोजले. सुरुवातीच्या १० सेकंदांत टाळ १५ वेळा वाजले. तीन मिनिटांनी १० सेकंदांत १९ वेळा. भजन शेवटी जलद करतात हे मला माहीत आहे. पण तेव्हा पेटीवाले काका मान हलवून खूण करतात आणि सगळे मिळून वाढवतात. इथे खूण झालीच नव्हती. मग मी आबांना एकट्याने भजनी ठेका वाजवायला सांगितले. तो आठ मात्रांचा असतो. तेही तीन मिनिटे रेकॉर्ड केले. त्यांच्या मात्रा मोजल्या. सुरुवातीला १५ आणि शेवटीही १५!

म्हणजे आबा मागे पडत नव्हते. टाळकरीच पुढे पळत होते. रेल्वेत बसले की झाडे मागे पळताना दिसतात, तसे ते झाले.

मी हे रात्री सगळ्यांना ऐकवले. कोणीच बोलेना. मग वडीलच म्हणाले, “आमचंच चुकलं, आबा.” आबा म्हणाले, “अरं, माझी बी एक थाप हुकलीय मधी. ती बी ऐकली मी.” खरेच एक हुकली होती. रेकॉर्डिंगमध्ये दोघांच्याही चुका होत्या.

तिसऱ्या वेळी टाळकऱ्यांनी पूर्ण वेळ आबांच्या हाताकडे बघितले. तेच रेकॉर्डिंग आम्ही पाठवले. शेवटी गौहर जानसारखे आम्हीही सांगितले, “आम्ही तुंगार्लीचे भजनी मंडळ.” सप्ताहाच्या मंडळींचा निरोप अजून यायचा आहे. पखवाज मात्र आता रोज खुंटीवरून खाली येतो.

एक गंमत

आबा मध्ये दोन ओळी गायले होते. त्या ऐकून ते म्हणाले, “ह्यो आवाज माझा न्हाय.” आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून कानात येतोच, शिवाय डोक्याच्या हाडांतूनही आत येतो. म्हणून तो आपल्याला जाड वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला आवाज असतो. तोच आवाज लोक रोज ऐकतात.

करून पाहा

१. घरातल्या मोबाईलवर स्वतःचे बोलणे रेकॉर्ड करा. आधी उघड्या खोलीत, मग गोधडीखाली. काय फरक पडतो?
२. आपल्या आजी-आजोबांचे गाणे, ओवी किंवा गोष्ट रेकॉर्ड करा. शेवटी त्यांना स्वतःचे नाव आणि गाव सांगायला विसरू नका.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी