४५,००० रुपयांचा संगणक : एक छोटा अर्थविचार

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या सुट्या भागांवर लेख लिहावा, आणि तोही खेळ खेळण्यासाठी जोडलेल्या संगणकावर, याचे काही वाचकांना नवल वाटेल. विज्ञान शाखेच्या मित्रांना हसूही येईल. परंतु २०२४ च्या दिवाळीनंतर आमच्या घरी जो संगणक आला, त्याची निवड करताना पहिल्या वर्षी शिकलेले सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्र मला जेवढे उपयोगी पडले, तेवढे ते परीक्षेतही पडले नव्हते. म्हणून हा प्रपंच.

प्रथम पैशाविषयी. आमच्याजवळ एकूण ४५,००० रुपये होते. त्यांतले २५,००० आईने बचत गटातून कर्जाऊ घेतले होते, १२,००० माझ्या शिकवणीचे होते आणि ८,००० धाकट्या भावाने लग्नसराईत मंडपवाल्याच्या हाताखाली राबून मिळविले होते. भावाला खेळ हवे होते. मला शासनाच्या टंकलेखन परीक्षेचा सराव आणि प्रकल्पलेखन करायचे होते. आईने या दोहोंत भेदभाव केला नाही. "हप्ता दर महिन्याला द्यायचाय, वस्तू बंद पडली तरी द्यायचाय, एवढं ध्यानात ठेवा," एवढेच ती म्हणाली. अंदाजपत्रकाची खरी चौकट त्या एका वाक्यात होती.

तिच्या धास्तीला कारणही होते. माझ्या एका वर्गमित्राने आदल्या वर्षी शहरातील एका दुकानातून तयार 'गेमिंग' संगणक आणला होता. पेटीला काच, आत इंद्रधनुष्यासारखे दिवे. आम्ही सारे पाहायला गेलो होतो. त्याच्या वडिलांनी त्यासाठी दोन शेळ्या विकल्या होत्या. मे महिन्यात एका रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि पेटीतून जळका वास आला. उघडून पाहिले तर वीजपुरवठा करणाऱ्या डब्यावर बनविणाऱ्याचे नावसुद्धा नव्हते. तो डबा गेला तो गेलाच, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानदाराने दोष लाइटीवर ढकलला. पक्के बिल नव्हते, त्यामुळे वाद घालायलाही जागा उरली नाही.

ज्यांचा या विषयाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. संगणक म्हणजे पाच-सात भागांची जोडणी असते. हिशेब करणारा प्रोसेसर, सर्वांना जोडणारा मदरबोर्ड, कामापुरते हाताशी ठेवणारी रॅम, कायमचे साठविणारी एसएसडी, चित्र काढणारे ग्राफिक्स कार्ड, आणि भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारा एसएमपीएस नावाचा डबा. हे सारे अर्थशास्त्राच्या भाषेत पूरक वस्तू होत. चहा आणि साखर हे पाठ्यपुस्तकातले उदाहरण मला नेहमी दुबळे वाटे, कारण साखरेवाचून चहा पिणारे पुष्कळ आहेत. येथे मात्र एकाचे दुसऱ्यावाचून खरोखरच चालत नाही.

आपण शेतकऱ्यांची मुले असल्यामुळे दुसरे उदाहरण अधिक पटेल. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक नियम प्रसिद्धीस आणला. पिकाची वाढ एकंदर खतावर ठरत नाही. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी पडते त्यावर ती ठरते. रानात स्फुरद नसेल तर युरियाची पोती ओतून उपयोग नाही. संगणकाचेही तसेच आहे. मग प्रश्न असा उरतो, की आपल्या रानात कमी काय आहे?

भावाला या प्रश्नाची पर्वा नव्हती. त्याने मोबाइलवर महिनाभर अभ्यास करून यादी केली होती, आणि ती वाईट होती असे मी म्हणणार नाही. इंटेलचा आय-३ १२१००एफ प्रोसेसर ८,०००, मदरबोर्ड ६,०००, रेडिऑन आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड २०,०००, रॅम ३,२००, एसएसडी ३,१००, पेटी २,६००, कळफलक व माऊस १,१००. आणि सर्वांत शेवटी, जणू विसरल्यासारखा, ९०० रुपयांचा एसएमपीएस. बेरीज ४४,९००. यूपीएस यादीतच नव्हता. ९०० हा आकडा पाहताच मला वर्गमित्राच्या घरचा वास आठवला. चांगल्या एसएमपीएसला ३,९०० आणि यूपीएसला ३,००० लागतात म्हटल्यावर तो चिडला.

"ताई, डब्यात पैसे कामून घालायलीस? डब्यानं गेम पळतो का?"

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. डब्याने खेळ पळत नाही. परंतु डबा गेला तर काहीच पळत नाही.

हा मुद्दा जरा विस्ताराने मांडते. पुण्या-मुंबईचे जाणकार या विषयावर बोलतात तेव्हा वीज ही गृहीत धरलेली असते. पाटोद्यात ती गृहीत धरता येत नाही. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला दिवा पिवळा पडतो, आणि त्या एकदम बंद झाल्या की लखकन उजळतो. आपल्या रानातले कमी पडणारे खत ते हेच. म्हणून मी यादीची सुरुवात भिंतीतल्या प्लगपासून केली. एसएमपीएस घेताना त्याच्या अंगावरची पट्टी वाचावी. काहींवर २०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते, काहींवर १०० ते २४०. आपल्याकडच्या उतरत्या दाबाला दुसरा प्रकार बरा. '८० प्लस' अशी मोहोरही असते. ती कार्यक्षमतेची आहे, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के कामी लागते एवढेच ती सांगते. ती सुरक्षिततेची हमी नव्हे, हे दुकानदार सांगत नाहीत. यूपीएसवरचा ६०० हा आकडा व्होल्ट-अँपिअरचा असतो. प्रत्यक्षात अशा यूपीएसवर साधारण ३६० वॅटपर्यंतच भार चालतो आणि वीज गेल्यावर काही मिनिटे मिळतात. तेवढ्यात काम साठवून यंत्र बंद करायचे, खेळ पुढे चालवायचा नाही.

आणि अर्थिंग. आमच्या घरात तिसरी तार भिंतीच्या आत कोठेच जोडलेली नव्हती. अशा घरात धातूच्या पेटीला हात लावला की मुंग्या येतात. वायरमनला बोलावून अंगणात खड्डा घेतला, मीठ-कोळसा भरून नळी पुरली. १,४०० रुपये लागले. हा खर्च संगणकाच्या कोणत्याही यादीत मला आढळला नाही.

दुसरा वाद ग्राफिक्स कार्डाचा. आमच्याजवळ नवीन मॉनिटरला पैसे नव्हते. घरातला ३२ इंची टीव्हीच वापरायचा होता. त्या पडद्यावर आडवे १,३६६ आणि उभे ७६८ ठिपके आहेत, म्हणजे एकूण साडेदहा लाखांच्या आसपास. ज्या मॉनिटरसाठी भावाचे कार्ड योग्य होते त्यावर १,९२० गुणिले १,०८० म्हणजे २० लाखांहून अधिक ठिपके असतात. शिवाय आमचा टीव्ही सेकंदाला ६० चित्रेच दाखवितो. कार्डाने १२० काढली तरी निम्मी वाया जाणार. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकताना चौथ्या-पाचव्या आंब्याला कंटाळा येतो असे सांगतात. येथे कंटाळ्याचा प्रश्नच नव्हता. साठाव्या चित्रानंतर उपयोगिता सरळ शून्य होत होती. मी सुचविलेला प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००जी होता. नावाच्या शेवटच्या अक्षराकडे लक्ष द्यावे. इंटेलच्या 'एफ'चा अर्थ आत चित्र काढण्याची सोय नाही. एएमडीच्या या 'जी'चा अर्थ ती आहे. वेगळे कार्ड नसतानाही तो चालतो आणि पुढे कार्ड बसवायला मदरबोर्डवर खाच मोकळी राहते.

असा प्रोसेसर रॅमचाच काही भाग चित्रासाठी वापरतो. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्याव्यात. विहिरीवर एका मोटेऐवजी दोन मोटा चालविल्यासारखे ते आहे. पाणी तेच, पण येते दुप्पट वेगाने.

खरेदीला आम्ही मुंबईला गेलो. मामा कुर्ल्याला राहतात, हे एक कारण. दुसरे असे, की ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड हा सुट्या भागांचा जुना बाजार. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हा चित्रगृहात 'शोले' पाच वर्षे चालला. आमची एसटी निघाली तेव्हा स्थानकावर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांची गर्दी होती. २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे असल्यामुळे माझा प्रवास भावापेक्षा स्वस्त पडला, याचाही त्याला राग आला.

बाजारात एक रीत आहे. दुकानात जाऊन यादी द्यावी, दुकानदार चिठ्ठीवर भाव लिहून देतो, ती घेऊन पुढच्या दुकानात जावे. चौथ्या दुकानापर्यंत आम्हाला स्पर्धात्मक बाजार पुस्तकापेक्षा चांगला कळला. प्रत्येक ठिकाणी हळूच विचारले जाई, "बिल पाहिजे का?" बिलाशिवाय घेतले तर १८ टक्के जीएसटी वाचतो असे सुचविले जाई. आम्ही बिल घेतले. मुंबईकराला बिघडलेली वस्तू घेऊन परत जायला लोकलचे तिकीट पुरते. आपल्याला एक रात्र, एक दिवस आणि शिकवणीचा खाडा लागतो. म्हणून हमीची किंमत खेडेगावात अधिक आहे. प्रोसेसरही बंद खोक्यातला मागावा. सुटा, 'ट्रे'मधला स्वस्त असतो, पण त्याला कंपनीची हमी बहुधा मिळत नाही. मदरबोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर नवा प्रोसेसर ओळखील की नाही, हेही तेथेच विचारून घ्यावे.

एका दुकानात भावाचा पाय अडकला. २०१७ सालचे आरएक्स ५८० हे वापरलेले कार्ड ५,५०० ला मिळत होते. क्षणभर माझेही मन डळमळले. परंतु आभासी चलनाच्या खाणकामात अशी कार्डे रात्रंदिवस राबविली गेली होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांचे ते काम संपले आणि ती जुन्या बाजारात आली. समोरचे कार्ड त्यांतलेच होते की नाही, हे ना मला सांगता येत होते ना दुकानदाराला सांगायचे होते. विक्रेत्याला वस्तूविषयी माहीत असते ते ग्राहकाला नसते, ही त्या बाजाराची जुनी अडचण. आम्ही निघालो. भाऊ स्थानकापर्यंत बोलला नाही.

शेवटी खरेदी अशी झाली : प्रोसेसर १०,८००, मदरबोर्ड ६,९००, रॅम ३,२००, एसएसडी ३,१००, एसएमपीएस ३,९००, यूपीएस ३,०००, पुढून जाळी असलेली पेटी २,६००, कळफलक व माऊस १,१००. एकूण ३४,६००. उरलेल्या १०,४०० मधून अर्थिंग आणि प्रवासाचे २,००० वजा जाता ७,००० उरले. ते आईने बचत गटात परत भरले. भावाच्या मते ते त्याच्या कार्डाचे पैसे होते, आणि त्यातले काही खरोखरच त्याच्या घामाचे होते, हे मी नाकारत नाही.

जोडणी घरीच, चटईवर बसून केली. बटण दाबले, पंखा फिरला, पडदा काळाच. दोन तास आम्ही तारा काढत-घालत होतो. आई दारात उभी होती आणि काही विचारत नव्हती. अखेर भावाने रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसविल्या, अंगठ्याने जोरात दाबल्या, 'टक' असा आवाज झाला आणि टीव्हीवर अक्षरे उमटली. पट्टी पूर्ण बसली नव्हती, एवढेच.

'व्हॅलोरंट' आमच्या पडद्याच्या ६० चित्रांच्या मर्यादेपर्यंत सहज चालतो. 'जीटीए ५' तपशील थोडे कमी केले की चालतो. 'सायबरपंक २०७७' मात्र रखडतो; भावाने तो मला मुद्दाम बोलावून दाखविला. पुढच्या मे महिन्यात वीज अनेकदा गेली-आली. यूपीएस किंचाळला, एसएमपीएस गप्प राहिला. हप्ता एकही चुकला नाही.

एका बाबतीत मात्र शहाणपणाचे श्रेय मला घेता येत नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढली आणि जगभर रॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने ग्राहकांसाठीचा 'क्रूशल' हा व्यवसाय बंद करणार असल्याचे जाहीर केले. भाग नंतर घेतले तर स्वस्त पडतात, असे मी भावाला ठासून सांगितले होते. तो आता ते वाक्य मला जसेच्या तसे ऐकवितो. मदरबोर्डवरची खाच अजून मोकळी आहे. यंदाच्या लग्नसराईत त्याने पुन्हा मंडपवाल्याकडे नाव नोंदविले आहे, आणि या वेळी यादी करताना त्याने टीव्हीऐवजी मॉनिटर सर्वांत वर लिहिला आहे.