मंद आंचेच्या भांड्यांत दहीं विरजणें

हिंवाळ्यांत दहीं लागत नाहीं, ही तक्रार दरसाल ऐकूं येते. पौष महिन्यांत रात्रीं घातलेलें विरजण सकाळीं तसेंच पातळ राहतें, अथवा त्यास तार सुटून तें टाकून द्यावें लागतें. आणि दोष घरच्या सुनेच्या हाताला लागतो. तिची ह्या आरोपांतून सुटका व्हावी एवढ्याचसाठीं आम्ही हा विषय हातीं घेतला आहे.

दहीं लावण्याचें काम सूक्ष्म जंतु करितात. दुधांतील साखरेपासून ते आम्ल तयार करितात, आणि आम्ल पुरेसें वाढलें म्हणजे दुधांतील केसीन नांवाचें सत्त्व थिजतें. आपल्या घरगुती विरजणांतील पुष्कळ जंतूंस २५ ते ३० अंश सेंटिग्रेड उष्णता मानवते; योगर्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या दह्याच्या जंतूंस ४० ते ४५ अंश लागते. थंडींत हे सर्वच मंदावतात. म्हणून जुन्या बायका विरजणाचें मडकें चुलीच्या वैलाशेजारीं किंवा धान्यांत पुरून ठेवीत.

चूल गेली, वैलहि गेला. त्या जागीं मंद आंचेचें विजेचें भांडें, ज्यास स्लो कुकर म्हणतात, उपयोगी पडतें. अमेरिकेंत अर्विंग नॅक्सन ह्यास अशा भांड्याचें पेटंट १९४० सालीं मिळालें. हेतु अर्थात् दह्याचा नव्हता. त्याचें आंतील जाड चिनी मातीचें भांडें ऊब धरून ठेवतें, हाच आपला लाभ.

आमच्या पुतण्यानें असें भांडें घरीं आणिलें. पहिल्याच रात्रीं आम्हीं विरजण घालून ‘गरम ठेवा’ ह्या खुणेवर कळ फिरविली आणि निश्चिंत निजलों. सकाळीं दोन लिटर दूध नासलेलें! ती खूण वाढून ठेवलेलें अन्न कढत राहावें म्हणून असते. तेथें उष्णता ६० अंशांच्या आसपास किंवा वर राहते व जंतु मरतात. तेव्हांपासून आम्हांस एक गोष्ट पक्की समजली कीं, विरजण घातल्यावर वीज बंदच असली पाहिजे. रात्रीं वीज गेली तरी मग चिंता नाहीं. आमच्या भागांत हें सोयीचेंच आहे.

रीत अशी. दोन लिटर दूध भांड्यांत ओतून मंद खुणेवर झांकून ठेवावें. सुमारें अडीच तासांत तें ८० ते ८५ अंशांपर्यंत तापतें. ह्या तापानें रोगजंतु मरतात व दहीं घट्ट लागतें. घाई असल्यास चुलीवर उकळून ओतलें तरी चालेल. मग वीज बंद करून दूध ४३ अंशांपर्यंत निवूं द्यावें. ह्यास तीनएक तास लागतात. उष्णमापक नसल्यास धुतलेली करंगळी बुडवावी. दहापर्यंत मोजतां ती सुखानें राहिली म्हणजे झालें. चार चमचे ताजें विरजण वाटीभर दुधांत घोळून सर्वत्र मिसळावें, झांकण लावून भोंवतीं जाड घोंगडी गुंडाळावी, आणि आठ तास भांडें हलवूं नये. वरचेवर झांकण उघडून पाहण्याचा मोह आमच्या घरीं आम्हांसच फार होतो.

इतकें करूनहि दहीं न लागलें, तर गोठ्याकडे पाहावें. जनावरास कासदाह झाल्यावर प्रतिजैविक औषध टोंचलें असतां त्याचा अंश कांहीं दिवस दुधांत उतरतो, तो उकळूनहि पुरता जात नाहीं, व विरजणाच्या जंतूंस मारतो. पशुवैद्यानें सांगितलेले दिवस भरेपर्यंत तें दूध घरीं पिऊं नये व डेअरींतहि घालूं नये. त्या दिवसांची तारीख गोठ्याच्या खांबावर खडूनें लिहून ठेवावी, म्हणजे धार काढणारा बदलला तरी चूक होत नाहीं.